रक्ताच्या रिपोर्टात आयुष्याचे दिवस लिहिलेले नसतात
घशाचा कॅन्सर, रक्तातली प्रथिने आणि घरच्यांची जबाबदारी

भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या मोहल्ल्यांना बिडी आणि खर्रा या दोन गोष्टी नव्या नाहीत. कुणाच्या घरी दादी-नानीने आयुष्यभर सुपात तेंदूपत्ता घेऊन बिड्या वळल्या आणि त्यावर पोरांची शिक्षणे केली. कुणाचे चाचा आजही फजरनंतर चहा घेऊन थेट पानठेल्यावर जातात आणि खर्रा घोटून घेतात. म्हणून घशाच्या कॅन्सरची बातमी आली की मोहल्ला हळहळतो, पण चकित होत नाही. मग नागपूरच्या फेऱ्या सुरू होतात आणि घरात कागदांची एक पिशवी तयार होते.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे इंग्रजी रिपोर्ट वाचून घ्यायला लोक आमच्याकडे येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘यात किती दिवस लिहिले आहेत?’ अलीकडे त्यात एक नवी गोष्ट आली आहे. घरातला तरुण मुलगा रिपोर्टातला एखादा शब्द मोबाईलवर टाकतो, ‘अल्ब्युमिन कमी असल्यास जगण्याची शक्यता कमी’ असे काहीतरी वाचतो आणि रात्रभर झोपत नाही. दुसऱ्या दिवशी घरात कुजबुज सुरू होते. इलाज करायचा की नाही, शेत विकायचे की नाही, यावर चर्चा होते. एका ओळीवरून एवढे मोठे निर्णय घेतले जातात. म्हणून ती ओळ काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेण्यासाठी हा लेख.

घसा म्हणजे नेमके काय?

आपण ज्याला सरसकट घसा म्हणतो, त्याचे डॉक्टरांच्या लेखी दोन मोठे भाग आहेत. एक अन्न आणि हवा दोन्ही जिथून जातात ती घशाची पोकळी, म्हणजे ग्रसनी. दुसरे स्वरयंत्र, जिथून आपला आवाज निघतो. तोंडाचा कॅन्सर त्याहून वेगळा धरला जातो, पण हे सगळे ‘डोके आणि मान’ या एकाच गटात मोडतात.

आपल्याकडे या आजाराचे मुख्य कारण तंबाखू आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी १९७१ मध्ये सहकाऱ्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईतल्या रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना करून त्यांनी दाखवले की तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडाच्या कॅन्सरचा धोका मोठा, तर ओढणाऱ्यांना घशाचा आणि स्वरयंत्राचा. बिडीत पानाचे वेष्टन जाड असते आणि ती सारखी विझते, म्हणून ओढणारा जोरजोरात झुरके घेतो आणि धूर जास्त खोल जातो. ‘बिडी देशी आहे, सिगारेटपेक्षा बरी’ हा समज त्यामुळेच खोटा. खर्ऱ्यात तंबाखूबरोबर सुपारी असते, आणि सुपारी एकटीसुद्धा कॅन्सरला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. दारूची सवय जोडीला असेल तर धोका आणखी वाढतो.

रक्तातले तीन साक्षीदार

कॅन्सरचे निदान रक्तावरून होत नाही. त्यासाठी दुर्बिणीने घसा बघून छोटा तुकडा काढावा लागतो. त्यालाच बायॉप्सी म्हणतात. ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ या भीतीने कितीतरी लोक महिने वाया घालवतात, पण बायॉप्सीशिवाय इलाजच ठरत नाही. गाठ किती मोठी आहे, मानेच्या गाठींपर्यंत गेली आहे का, फुप्फुसात पोहोचली आहे का, यावरून आजाराची पायरी ठरते. पुढे काय होईल हे सर्वांत जास्त त्या पायरीवरच अवलंबून असते.

पण एकाच पायरीवरचे दोन रुग्ण सारखे निघत नाहीत. एकाला इलाज मानवतो, दुसरा अर्ध्यात खचतो. असे का, हे शोधताना संशोधकांचे लक्ष रक्तातल्या प्रथिनांकडे गेले. त्यातली तीन आपल्या रोजच्या रिपोर्टात सापडतात.

पहिले अल्ब्युमिन. हे यकृतात, म्हणजे आपण ज्याला जिगर म्हणतो तिथे तयार होते. रक्तातले पाणी नळ्यांच्या आत धरून ठेवणे आणि औषधे, क्षार, चरबी इकडून तिकडे वाहून नेणे हे त्याचे काम. निरोगी माणसात ते साधारण ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असते. यकृताच्या तपासणीचा जो कागद मिळतो, त्यात ते छापलेलेच असते. वेगळी महागडी तपासणी लागत नाही.

दुसरे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, रिपोर्टात सीआरपी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना ते १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. शरीरात कुठे दाह पेटला, मग तो जंतूंमुळे असो, जखमेमुळे असो की कॅन्सरमुळे, यकृत हे प्रथिन भराभर बनवू लागते. घरात आग लागली की सगळे हातचे काम टाकून पाणी आणायला धावतात, तसे यकृत त्या वेळी अल्ब्युमिन बनवणे कमी करते आणि सीआरपीसारखी प्रथिने बनवण्याच्या मागे लागते. म्हणून सीआरपी चढते तेव्हा अल्ब्युमिन बहुधा उतरते.

तिसरे सगळ्यांच्या ओळखीचे, हिमोग्लोबिन. तेही प्रथिनच, लाल पेशींच्या आत राहणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे. रेडिएशनच्या किरणांना गाठ मारायला प्राणवायूची मदत लागते. ज्या गाठीत प्राणवायू कमी पोहोचतो, ती किरणांना दाद देत नाही. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णांचा निकाल कमी चांगला लागतो, हे अनेक वर्षांपासून माहीत आहे.

ग्लासगोचा साधा हिशेब

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या संशोधकांनी अल्ब्युमिन आणि सीआरपी यांना एकत्र करून गुण देण्याची एक पद्धत काढली. तिचा पहिला वापर २००३ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी झाला, पुढे ती थोडी बदलून अनेक कॅन्सरांना लावण्यात आली. हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असेल तर शून्य गुण. दहाच्या वर आहे, पण अल्ब्युमिन ३.५ किंवा जास्त आहे, तर एक गुण. सीआरपी दहाच्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, तर दोन गुण. इथे गुण जास्त मिळणे चांगले नाही. डोके-मानेच्या कॅन्सरवर ठिकठिकाणी झालेल्या अभ्यासांत दोन गुणांचा गट शून्य गुणांच्या गटापेक्षा कमी जगल्याचे दिसले.

त्याआधी १९८४ मध्ये जपानच्या ओनोडेरा यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या रुग्णांसाठी पोषणाचा एक आकडा सुचवला होता. अल्ब्युमिनला दहाने गुणायचे आणि त्यात लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या ०.००५ ने गुणून मिळवायची. एखाद्याचे अल्ब्युमिन ४.२ आणि लिंफोसाइट २,००० असतील तर ४२ अधिक १०, म्हणजे ५२. दुसऱ्याचे ३.२ आणि १,४०० असतील तर ३२ अधिक ७, म्हणजे ३९. साधारण ४५ च्या खाली गेले की डॉक्टर सावध होतात. घशाच्या रुग्णांवरही हा आकडा वापरून पाहिला गेला आहे. सीमारेषा मात्र प्रत्येक अभ्यासात थोडी वेगळी असते.

रिपोर्ट वाचताना एक खबरदारी घ्या. काही प्रयोगशाळा अल्ब्युमिन लिटरमागे छापतात, तिथे ३.५ च्या जागी ३५ दिसेल. काही ठिकाणी सीआरपी डेसिलिटरमागे छापलेले असते, तिथे १० च्या जागी १ दिसेल. आकड्याशेजारचे एकक न बघता दोन रिपोर्टांची तुलना केली तर विनाकारण घाबरगुंडी उडते, किंवा विनाकारण समाधान वाटते.

वर्गाचा अंदाज, एका मुलाचा नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गुण दोन आले, म्हणजे माणूस जाणार का?

आम्हा शिक्षकांना हे उत्तर वर्गातून कळते. सहामाही परीक्षेच्या गुणांवरून आम्ही सांगू शकतो की या शंभर मुलांपैकी बोर्डात साधारण किती पास होतील. तो अंदाज बहुतेक वेळा फार चुकत नाही. पण सहामाहीत नापास झालेला अमुक एक मुलगा बोर्डात काय करील, हे आम्ही छातीठोकपणे सांगत नाही. कुणाला पुढे चांगली शिकवणी मिळते, कुणाचे घरचे वातावरण निवळते, कुणी स्वतःच जिद्दीने उठतो. उलट सहामाहीत पहिला आलेला कधी आजारी पडतो. गुण खोटे नसतात, पण ते वर्गाबद्दल जास्त आणि एका मुलाबद्दल कमी बोलतात.

रक्तातल्या प्रथिनांचे तसेच आहे. ‘या गटातले इतके टक्के लोक इतकी वर्षे जगले’ असे ते सांगतात. आपले अब्बा त्या टक्क्यांत कुठे बसणार, हे ते सांगत नाहीत. मौतीची वेळ कागदावर छापून येत नाही, हा आपला विश्वास आहेच. संख्याशास्त्रही आपल्या परीने तेवढेच कबूल करते.

शिवाय हे आकडे इतर कारणांनीही हलतात. दात किडून पू झाला, छातीत जंतुसंसर्ग झाला, टीबी असला तरी सीआरपी चढते. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर अल्ब्युमिन कॅन्सरशिवायही कमी असते. ज्याला पाणीसुद्धा गिळता येत नाही, त्याचे रक्त घट्ट झाल्यामुळे अल्ब्युमिन खोटेच चांगले दिसते आणि सलाईन लावल्यावर खाली येते. म्हणून एका दिवसाच्या एका आकड्यावर काही ठरवू नये. तीन-चार आठवड्यांत तो कुठल्या दिशेने चालला आहे, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट. हे अंदाज जुन्या रुग्णांवरून काढलेले असतात. इलाज बदलला की अंदाजही जुना होतो. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोके-मानेचा कॅन्सर खूप पुढे गेलेल्या १५१ रुग्णांवर एक चाचणी केली आणि ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. रोगप्रतिकारशक्ती जागी करणारे निवोलुमॅब नावाचे महाग औषध त्यांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी दिले आणि जोडीला स्वस्त गोळ्या दिल्या. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के रुग्ण एक वर्षानंतर हयात होते. औषध जोडलेल्या गटात ४३.४ टक्के होते. म्हणजे ज्यांच्याबद्दल ‘आता काही उपयोग नाही’ असे म्हटले गेले असते, त्यांतले कित्येक जण वर्षभरानंतर घरच्यांत बसून जेवत होते.

परदेशातला नातेवाईक तिकडचे आकडे पाठवतो, तेव्हाही सांभाळून घ्यावे. अमेरिका-युरोपात घशाच्या मधल्या भागाचे पुष्कळ कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे पुन्हा रक्तातली प्रथिनेच, आजार कळण्याच्या दहा वर्षे आधीसुद्धा काही जणांच्या रक्तात सापडल्याचे २०१३ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. हा विषाणूचा कॅन्सर इलाजाला चांगली दाद देतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, विषाणू नसलेल्यांत ५७.१ टक्के. आपल्याकडचा आजार बहुतांशी तंबाखूचा आहे. त्यामुळे तिकडचा आकडा इकडच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू होत नाही.

आकडा सुधारला म्हणजे आजार सुधारला का?

इथे घरच्यांची मोठी गफलत होते. अल्ब्युमिन कमी आले की कुणीतरी सांगतो, ‘अल्ब्युमिनची बाटली चढवून घ्या.’ ही बाटली महाग असते. यकृताच्या किंवा काही विशिष्ट अडचणीत डॉक्टर ती देतातही, पण ती रुग्णाचे पोषण करत नाही. दोन-चार दिवस आकडा वर दिसतो, आतला दाह आणि उपासमार तशीच राहते.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत तर याची रीतसर परीक्षा झाली आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांचा निकाल कमी चांगला, तर मग औषधाने ते वाढवले की निकाल सुधारेल, असा सरळ तर्क होता. जर्मनीतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने डोके-मानेच्या कॅन्सरच्या ३५१ रुग्णांवर तो तपासण्यात आला. रेडिएशनच्या काळात एका गटाला एरिथ्रोपोएटिन हे रक्त वाढवणारे इंजेक्शन दिले, दुसऱ्याला नुसते दिसायला तसे. इंजेक्शनवाल्यांचे हिमोग्लोबिन छान चढले. पण २००३ मध्ये निकाल बाहेर आला तेव्हा कळले की त्याच गटात आजार लवकर उलटला होता आणि मृत्यूही जास्त होते.

शाळेच्या भाषेत सांगायचे तर गैरहजर मुलाच्या नावापुढे हजेरीपटात ‘हजर’ लिहिले म्हणून मूल वर्गात येत नाही. पट पाहून त्याच्या घरी जावे लागते. आकड्याचेही तेच. तो कमी झाला तर का कमी झाला, हे डॉक्टरांना विचारून त्या कारणावर काम करावे. आकड्यालाच औषध पाजू नये.

मग घरी काय करायचे?

कारण शोधायचे तर घशाच्या रुग्णात दोन गोष्टी हमखास सापडतात, आतला दाह आणि पोटात अन्न न जाणे. पहिल्यावर इलाज डॉक्टरांकडे आहे. दुसऱ्यातले पुष्कळसे आपल्या स्वयंपाकघराच्या हातात आहे.

कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागते, असे पोषणतज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम झाले. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, दोन पेले दुधातून तेवढेच, आपल्या तलावातल्या रोहू-कटल्याच्या शंभर ग्रॅममधून अठराच्या आसपास, दोन वाट्या घट्ट वरणातून दहा-बारा. त्यात वाटीभर दही आणि थोडा बारीक वाटलेला खिमा आला की हिशेब पुरा होतो. महागडे डबे आणलेच पाहिजेत असे नाही.

आपल्याकडे आजाऱ्याला यखनी देण्याची पद्धत आहे. यखनी चवीला आणि घशाला चांगली, पण नुसत्या पाण्यात प्रथिन थोडेच उतरते. ते गोश्तमध्येच राहते. म्हणून गोश्त काढून न टाकता मऊ शिजवून, वाटून त्यातच मिसळा. गहू, डाळ आणि गोश्त एकजीव केलेला, कमी तिखटाचा खिचडा अशा रुग्णाला उत्तम. एका वेळी ताटभर देण्यापेक्षा दोन-दोन तासांनी थोडे द्या. मात्र ज्याच्या पोटात आठ-दहा दिवस जवळपास काहीच गेले नाही, त्याला एकदम भरपूर खाऊ घालू नका. त्याने रक्तातले क्षार अचानक घसरतात आणि जिवावर बेतू शकते. अशा वेळी सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी.

वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करा आणि वहीत तारखेसह लिहा. घरी काटा नसेल तर किराणा दुकानातला किंवा धानाचा काटा चालेल. अल्ब्युमिनचा रक्तातला मुक्काम मोठा असतो, निम्मे जायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून उपासमारीची बातमी रक्ताच्या आधी काटाच देतो. दोन-तीन महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी उतरले, म्हणजे साठचे चौपन्न झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

गिळता येत नसेल तर डॉक्टर नाकातून पोटात नळी टाकायला सांगतात. ‘नळी लागली म्हणजे संपले’ असे समजून घरचे नकार देतात. हा गैरसमज जितका लवकर जाईल तितके बरे. रेडिएशन साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घसा आतून सोलवटतो. त्या काळात नळी ही नाला ओलांडायच्या पुलासारखी असते, पलीकडे पोहोचल्यावर बहुतेकांची काढली जाते. उपासमारीने रेडिएशन मध्येच थांबवावे लागले तर मात्र गाठीला सावरायला वेळ मिळतो.

रमजानचा महिना आला की आणखी एक अडचण उभी राहते. रुग्णाला रोजे सोडण्याचे वाईट वाटते आणि घरचेही गप्प बसतात. आजाऱ्याला रोजा न ठेवण्याची सवलत दीननेच दिलेली आहे. फिदया आणि कजा यांचा मसला आपल्या आलिमांना विचारावा, आणि इलाजाच्या काळात पोट रिकामे ठेवणे कितपत धोक्याचे आहे ते डॉक्टरांना. दोघांना विचारून घेतले की रुग्णाच्या मनावरचे ओझे उतरते.

आणि तंबाखू. ‘आता झालाच आहे, तर सोडून काय फायदा?’ असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. रेडिएशन चालू असताना बिडी ओढणाऱ्यांवर इलाजाचा परिणाम कमी होतो आणि दुसरा कॅन्सर होण्याचा धोकाही राहतो. घरातल्या बाकीच्यांनीही त्याच दिवशी सोडावी, म्हणजे रुग्णाला एकटे वाटणार नाही.

‘किती दिवस?’ याऐवजी काय विचारावे

आजार कुठवर गेला आहे हे रुग्णापासून लपवण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ‘अब्बांना कळले तर हाय खातील’ असे मुलगे म्हणतात. पण अब्बांना बहुतेक वेळा कळलेलेच असते. फक्त बोलायला कुणी नसते. त्यांना कुणाचे कर्ज फेडायचे असते, वसीयत करायची असते, धाकटीच्या निकाहाबद्दल बोलायचे असते. खरी माहिती मिळाली तर ही कामे ते स्वतः, शुद्धीत आणि समाधानाने करू शकतात. डॉक्टरांचा अंदाज उपयोगी पडतो तो इथे. दिवस मोजण्यासाठी नाही, कामे पुरी करण्यासाठी.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. आजार कुठल्या पायरीवर आहे? हा इलाज बरे करण्यासाठी आहे की त्रास कमी करून आयुष्य वाढवण्यासाठी? वजन, अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन इलाज सोसण्याइतके आहे का, नसेल तर त्यामागचे कारण काय? आणि गिळणे बंद झाले तर काय करायचे? उत्तरे वहीत लिहून घ्या. शेत विकायचे की नाही, हा निर्णय या उत्तरांनंतरचा आहे, आधीचा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, रेडिएशन आणि केमोथेरपी बसते, योजनेचे संरक्षण आता पाच लाख रुपयांपर्यंत आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. नागपूरला शासकीय मेडिकल आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आपल्यापासून दोन तासांच्या आत आहेत. रेल्वेतही कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातूनच मिळतो. बरे होण्याची आशा नसेल तेव्हाही वेदना कमी करण्याचा इलाज असतो आणि तो मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

सर्वांत चांगला अंदाज

रक्तातल्या कुठल्याही प्रथिनापेक्षा एक गोष्ट पुढचे जास्त खरे सांगते, ती म्हणजे आजार किती लवकर पकडला. स्वरपटलावरचा छोटा कॅन्सर सुरुवातीलाच सापडला तर दहापैकी साधारण नऊ जण बरे होतात, तेही बहुतेक आवाज राखून. मानेत मोठी गाठ आल्यावर गेलो तर हेच प्रमाण पुष्कळ खाली येते.

सुरुवातीला हा आजार फार छोट्या खुणा देतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, गिळताना एका बाजूला टोचणे, कान चांगला असूनही कानात ठणका, मानेत न दुखणारी गाठ, थुंकीत रक्त. मुअज्जिन साहेबांचा, भाजी विकणाऱ्या चाचांचा किंवा घरातल्या अम्मीचा आवाज महिनाभर घोगरा राहिला, तर ‘हवा बदलली असेल’ म्हणून हळद-दुधावर भागवू नका. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तपासणीला काही मिनिटे लागतात.

दुआ आपण करतोच आणि करत राहू. दुआबरोबर तदबीर करायलाही आपल्याला शिकवले आहे. बसलेल्या आवाजाकडे तीन आठवड्यांत लक्ष देणे, आजाऱ्याचे वजन दर जुम्याला लिहून ठेवणे आणि रिपोर्टातल्या आकड्याला न घाबरता त्याचे कारण विचारणे, ही आपल्या हातातली तदबीर आहे. एवढे प्रत्येक घराने केले तरी नागपूरच्या फेऱ्यांतल्या कितीतरी वाया जाणार नाहीत.